गाण्याखाली नाव कुणाचं? एका सुपरग्रुपच्या पहिल्या दोन रेकॉर्डी

घरात पेटी असेल तर जवळ ओढून घ्या. पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच या तीन पट्ट्या एकदम दाबा आणि भाता हलवा. पांढरी एकला सा मानलं तर हे झाले सा, ग, प. चर्चमधल्या ऑर्गनवर, लग्नातल्या बँडमध्ये, सिनेमाच्या गाण्यांत हा मेळ आपण हजारदा ऐकलेला असतो. कान लगेच निवांत होतो.

आता पांढरी एक तशीच धरून तिच्याबरोबर पांढरी चार आणि काळी पाच दाबा. सा, मध्यम आणि कोमल निषाद. आवाज बेसूर नाही, पण तो कुठे टेकत नाही. आनंदी म्हणावा तर तसा नाही, उदास म्हणावा तर तसाही नाही. याचं कारण गंधार निघून गेला आहे. पाश्चात्त्य संगीतात मेळाचा चेहरा गंधारावरून ठरतो: तो शुद्ध असला की मेळ उजळ वाटतो, कोमल असला की झाकोळतो. तो स्वरच काढून टाकला आणि सा वरून म, म वरून नि अशी चढण घेतली, की पायाखाली जमीन आहे की नाही तेच कळेनासं होतं.

१९७१ च्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये 'टार्कस' नावाची रेकॉर्ड आली. तिच्या पहिल्या बाजूचा मोठा भाग अशा अधांतरी मेळांवर उभा आहे. इमर्सन, लेक अँड पामर या त्रिकुटाची ही दुसरी रेकॉर्ड. आमच्या फोंड्याच्या भजनी मंडळात कॉलेजात जाणारी तीन-चार मुलं आहेत. पेटी, पखवाज, तबला मन लावून शिकतात आणि घरी जाऊन मोबाइलवर रॉक ऐकतात. त्यांनी मला विचारलं की या लोकांची पहिली रेकॉर्ड चांगली की दुसरी? एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी 'सुपरग्रुप' म्हणजे काय ते पाहू. वेगवेगळ्या बँडमध्ये नाव कमावलेले वादक आपापलं घर सोडून एकत्र येतात आणि नवं घर मांडतात, त्याला सुपरग्रुप म्हणतात. आपल्याकडे यातली गंमत आणि यातली अडचण दोन्ही कळायला संयुक्त 'मानापमान' आठवावं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र प्रयोग केला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. लोक आजही त्या रात्रीबद्दल बोलतात. पण तिथे नाटक तयार होतं, पदं तयार होती, प्रत्येकाला आपली भूमिका पाठ होती. दोन मोठे गवई एका मंचावर आणायला तेवढं पुरतं. त्या दोघांनी मिळून नवं नाटक पहिल्या ओळीपासून रचायचं ठरवलं असतं, तर कुणाची चाल ठेवायची, कुणाची सोडायची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी दारात उभा राहिला असता.

सुपरग्रुपच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये तो प्रश्न बहुधा टळतो. घरून आणलेला ऐवज प्रत्येकाकडे असतो. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी ती शिदोरी संपलेली असते, आणि खरी परीक्षा तिथे होते. म्हणून अशा बँडच्या पहिल्या दोन रेकॉर्डी ऐकताना मी कुठलं गाणं जास्त छान हे नंतर बघतो. आधी रेकॉर्डचं पाकीट उलटं करून वाचतो की कुठल्या गाण्याखाली कुणाचं नाव आहे.

हे तिघे कुठून आले होते? कीथ इमर्सन 'द नाइस' या बँडचा ऑर्गन वाजवणारा. बाख आणि इतर शास्त्रीय रचनाकारांना रॉकच्या मंचावर ओढून आणायची त्याला सवय होती. वाजवताना हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांमध्ये सुरे खोचायचा, म्हणजे तो स्वर धरून राहतो आणि हात मोकळे होतात. आपण सुरपेटीकडून जे काम करून घेतो, ते तो सुऱ्याकडून करून घेई. ग्रेग लेक 'किंग क्रिमसन'चा गायक आणि बास वाजवणारा, भरदार, स्वच्छ आवाजाचा. कार्ल पामर 'अॅटॉमिक रूस्टर'मधून आलेला ड्रमवाला, वय जेमतेम वीस. १९७० मध्ये तिघे जमले. ऑगस्टच्या अखेरीस आइल ऑफ वाइटच्या प्रचंड महोत्सवात वाजले, तो त्यांचा दुसराच जाहीर कार्यक्रम. मंचावर त्यांनी खऱ्या तोफा डागल्या होत्या. त्यांच्या संगीताला लोक प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले होते: रॉकचे ड्रम आणि रॉकचा जोर, पण आत शास्त्रीय संगीताची रचना, जॅझची मोकळीक आणि तीन मिनिटांत न संपणारी गाणी.

पहिली रेकॉर्ड नोव्हेंबर १९७० मध्ये आली. तिला वेगळं नाव दिलं नाही, बँडचं नाव तेच रेकॉर्डचं नाव. सहाच रचना. पहिली 'द बार्बेरियन', हंगेरीच्या बेला बार्टोक यांच्या १९११ च्या पियानो-रचनेवरून बेतलेली. तिसरी 'नाइफ-एज', चेक रचनाकार यानाचेक यांच्या 'सिंफोनिएट्टा'वरून, मध्ये बाखचा एक तुकडा. सुरुवातीच्या प्रतींवर या मूळ रचनाकारांची नावंच नव्हती. मला हे आजही खुपतं. आपल्याकडे गायक बंदिशीत आलेलं रचनाकाराचं नाव मोडत नाही, 'सदारंग' म्हणायचं तिथे 'सदारंग'च म्हणतो.

या दोघांच्या मध्ये आहे 'टेक अ पेबल'. लेकचं गाणं, बारा मिनिटांचं. पाण्यात खडा टाकावा आणि वलयं पसरत जावीत, तसंच ते पसरतं. सुरुवातीला इमर्सन पियानोचं झाकण उघडून आतल्या तारा बोटांनी छेडतो, स्वरमंडळासारखं ऐकू येतं. मग लेक गातो, मग त्याची गिटार एकटीच, मग पियानोचा लांब जॅझ विस्तार, मग परत गाणं. या रेकॉर्डवरचं मला सर्वांत प्रिय असं हेच. रात्री पाऊस लागलेला असताना कौलांवरच्या आवाजात मी ते ऐकलं आहे आणि गाणं कुठे संपलं, पाऊस कुठे सुरू झाला हे कळलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला 'द थ्री फेट्स': तीन भागांत इमर्सन जवळजवळ एकटा. पहिला भाग लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनवर, दुसरा पियानोवर. नंतर 'टँक', त्यात पामरचा ड्रम सोलो. शेवटी 'लकी मॅन', जे लेकने बाराव्या वर्षी, आईने पहिली गिटार घेऊन दिल्यावर रचलं होतं. रेकॉर्ड भरायला एक गाणं कमी पडत होतं म्हणून ते घेतलं. गाणं संपत आलं की इमर्सनचा मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेने स्वर घडवणारं वाद्य, मध्ये घुसतो. त्या काळचा मूग एका वेळी एकच स्वर काढू शके, पण तो स्वर तळघरातून माळ्यापर्यंत घसरत नेता येई, बीनेसारखी लांब मींड घेता येई. हा तुकडा एका झटक्यात झाला. इमर्सन चाचपडून बघत होता, आणि तेच टेपवर राहिलं.

आता नावं लावून बघा. लेकचं गाणं, इमर्सनचा ऑर्गन, पामरचे ड्रम, पुन्हा लेकचं गाणं. ही एक उत्तम बैठक आहे. तीन कलाकार पाळीपाळीने पुढे बसतात, उरलेले दोघे साथ करतात. मला ही रेकॉर्ड आवडते आणि तिच्यात काही कमी आहे असंही वाटत नाही. पण एका कलाकाराची रचना दुसऱ्याच्या रचनेशिवाय अपुरी राहिली असती, असं तिच्यात कुठे नाही. 'लकी मॅन' काढून दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डवर ठेवलं असतं तरी ते तितकंच शोभलं असतं.

दुसऱ्या रेकॉर्डचं काम जानेवारी १९७१ मध्ये सुरू झालं. म्हणजे पहिली दुकानात येऊन साधारण दोन महिने झाले होते. शिदोरी संपली होती. इमर्सनने साधारण सहा दिवसांत एक लांबलचक रचना लिहून काढली आणि इतरांना वाजवून दाखवली. पामरला ती पटली, वाकड्या लयींचं वेड त्यालाही होतं. लेकला ती मुळीच आवडली नाही. हे तुझं एकट्याचं काम आहे, तुझ्या स्वतंत्र रेकॉर्डसाठी ठेव, अशी त्याची भूमिका होती आणि गोष्ट बँड मोडण्यापर्यंत गेली. लक्षात घ्या, लेक नुसता गायक नव्हता. दोन्ही रेकॉर्डींचा निर्माता तोच होता. शेवटी समजूत घातली गेली आणि तो आत आला. मला वाटतं 'टार्कस' जे काही आहे ते या भांडणामुळे आहे.

रचना साडेवीस मिनिटांची. वीस मिनिटांचाच आकडा का, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर चांगल्या आवाजात साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवर तीन-साडेतीन. आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तीसुद्धा साडेतीन मिनिटांच्या आसपासची. मैफलीत तासभर रंगणारा राग त्या गवयांनी तीन मिनिटांत बसवला, ही केवढी मोठी कारागिरी. एलपी आल्यावर उलटं झालं. रॉकवाल्यांना तीन मिनिटांची सवय होती, आणि समोर वीस मिनिटांचं मोकळं आवार पसरलं. ते भरायचं तर घराचा आराखडा लागतो, नुसत्या विटा पुरत नाहीत.

'टार्कस'चा आराखडा सात भागांचा आहे. 'इरप्शन', 'स्टोन्स ऑफ इयर्स', 'आयकॉनोक्लास्ट', 'मास', 'मँटिकोर', 'बॅटलफिल्ड', 'अॅक्वाटार्कस'. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा भाग नुसत्या वाद्यांचा. दुसरा, चौथा आणि सहावा गाण्याचा. वाद्यं धावतात, गाणं थांबून बोलतं, पुन्हा वाद्यं धावतात. गद्य आणि पद आलटून-पालटून येणाऱ्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ही चाल परकी वाटू नये. सातही भागांमध्ये कुठे खंड पडत नाही, आणि अगदी शेवटी पहिल्या भागाचं तेच धावतं वाक्य परत येतं. अंतरे घेत घेत दूर गेलेला गायक वीस मिनिटांनी मूळ स्थायीवर उतरतो, तसं. ते परत येतं तेव्हा पहिल्यासारखं ऐकू येत नाही, कारण मधल्या काळात आपण बरंच काही ऐकलेलं असतं.

पहिल्या भागाची लय पाचाची आहे. रॉकची नव्वद टक्के गाणी चाराच्या हिशेबात चालतात: एक दोन तीन चार, पुन्हा एक. इथे चारानंतर आणखी एक ठोका येतो आणि मग सम. पाय आपटत ऐकणाऱ्याचा पाय चुकतो. अर्ध्या ठोक्यांनी मोजलं तर एका आवर्तनाला दहा. मडगावच्या एका मित्राकडे त्याच्या वडिलांच्या रेकॉर्डी आहेत. वडील तारवटी होते, बोटीवरून परतताना प्रत्येक खेपेला काही ना काही आणायचे. तिथे मी आमच्या मंडळाच्या तबलजी काकांना घेऊन गेलो होतो. वय सत्तरीच्या पुढे, रॉक कधी ऐकलेलं नाही. मित्र लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेला, तो कागदावर पाच-पाचाच्या खुणा करत बसला. काका डोळे मिटून बोटांवर मोजत होते. मिनिटभराने म्हणाले, "मात्रा धा, पूण झपताल न्हय."

काकांनी नेमकी गोष्ट पकडली. झपताल दहा मात्रांचा, पण त्याला चेहरा आहे: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीन, दोन-तीन. सहाव्या मात्रेला खाली येते, तबल्याचा घुमार जातो आणि आवर्तन अर्ध्यावर आल्याचं न मोजता कळतं. 'इरप्शन'मध्ये दहाचा हिशेब आहे, पण भरी-खालीचा असा दिलासा नाही. डाव्या हाताने इमर्सन एकच चक्र फिरवत राहतो, उजवा हात त्यावर घाव घालतो, आणि पामर दोघांच्या मधल्या फटी भरतो. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हाताने एक ताल, पायाने दुसरा, तोंडाने तिसरा चालवत असं आपण ऐकत आलो. त्या गोमंतकात वाढलेल्या कानाला पाचाची लय अवघड वाटू नये. रॉकच्या कानाला ती १९७१ मध्ये वाटली, आणि इमर्सनला तेच हवं होतं. वर पेटीवर वाजवून बघितलेला अधांतरी मेळ आणि खाली न टेकणारी लय, दोन्ही एका वेळी. ऐकणाऱ्याला उभं राहायला जागाच मिळत नाही.

म्हणून लेकची गाणी इतकी लागतात. 'स्टोन्स ऑफ इयर्स' सुरू होतं तेव्हा वादळातून एखाद्या सोप्यावर येऊन बसल्यासारखं होतं. आणि सहावा भाग, 'बॅटलफिल्ड', तो लेकने एकट्याने लिहिला. संथ, जड पावलांचा, वर त्याचीच इलेक्ट्रिक गिटार. लढाई संपली आहे आणि कुणीतरी रणांगणातून चालत निघालं आहे. ज्या माणसाला ही रचना नको होती, त्याच माणसाचं गाणं तिचं हृदय होऊन बसलं. हे गाणं पहिल्या रेकॉर्डवर असतं तर चांगलं गाणं म्हणून ऐकलं गेलं असतं. इथे आधीच्या धुमश्चक्रीशिवाय त्याला अर्थ नाही, आणि त्याच्याशिवाय ती धुमश्चक्री नुसती बोटांची कसरत राहिली असती. पहिल्या रेकॉर्डवर जे कुठेच घडलं नाही, ते या ठिकाणी घडतं.

पाकिटावरच्या कथेविषयी थोडक्यात. विल्यम नील या चित्रकाराने काढलेला टार्कस म्हणजे खवल्यांचा प्राणी, ज्याला पायांऐवजी रणगाड्याचे पट्टे आणि अंगावर तोफा आहेत. ज्वालामुखीपाशी अंड्यातून जन्मतो, एकेका यंत्र-प्राण्याला हरवतो, शेवटी मँटिकोर या दंतकथेतल्या प्राण्याच्या नांगीने डोळ्याला जखम होऊन पाण्यात उतरतो. आत चित्रांची मालिकाच आहे. गाण्यांचे शब्द युद्धाच्या आणि धर्माच्या नावाखाली चाललेल्या ढोंगाबद्दल आहेत, पण चित्रातल्या कथेशी ते ओळीओळीने जुळत नाहीत. जुळवत बसू नका.

रेकॉर्ड उलटली की मात्र पाणी उथळ होतं. दुसऱ्या बाजूला सहा छोट्या रचना. 'द ओन्ली वे'मध्ये चर्चच्या ऑर्गनवर बाख आहे आणि त्यावर देवाच्या अस्तित्वालाच प्रश्न विचारणारे शब्द, ते ऐकण्यासारखं. 'अ टाइम अँड अ प्लेस'मध्ये जोर आहे. पण 'जेरेमी बेंडर' आणि शेवटचं 'आर यू रेडी एडी', जे ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डला उद्देशून केलं, ही मित्रांनी काम संपल्यावर एकमेकांसाठी वाजवलेली गाणी वाटतात. सगळी ताकद पहिल्या बाजूत ओतली गेली होती. पहिली रेकॉर्ड सलग चांगली, दुसरी अर्धी थोर आणि अर्धी साधारण. ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिली चौथ्या क्रमांकापर्यंत गेली होती, दुसरी पहिल्या क्रमांकावर पोचली. अमेरिकेत पहिली अठराव्या, दुसरी नवव्या.

याच्या उलट काय होऊ शकतं हे बघायचं तर पामरच्याच मागे अकरा वर्षं पुढे जावं. १९८२ मध्ये 'एशिया' नावाचा दुसरा सुपरग्रुप आला. ड्रमवर पामर, गायनाला आणि बासला जॉन वेटन, गिटारवर 'येस'चा स्टीव्ह हाऊ, कीबोर्डवर जेफ डाउन्स. पहिली रेकॉर्ड अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. 'हीट ऑफ द मोमेंट' आपल्यापैकी अनेकांनी बँडचं नाव माहीत नसताना ऐकलेलं असेल. आता पाकीट उलटं करा. नऊ गाण्यांपैकी पाचांखाली हाऊचं नाव आहे, एका गाण्याखाली चौघांचं. पुढच्याच वर्षी दुसरी रेकॉर्ड आली, 'अल्फा'. तिच्या दहाही गाण्यांखाली वेटन आणि डाउन्स यांच्याशिवाय तिसरं नाव नाही. ज्या सूत्राने पहिली चालली तेच गच्च धरायचं, लांब वादनं छाटायची, रेडिओवर वाजतील अशी गाणी करायची, अशी ती रेकॉर्ड आहे. 'डोन्ट क्राय' अमेरिकेत दहाव्या क्रमांकावर गेलं, रेकॉर्ड सहाव्या. अपयश म्हणता येणार नाही. चालीही गोड आहेत, मी त्या गुणगुणतो. पण ऐकताना हाऊची गिटार भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखी वाटते. त्याचं एक गाणं तयार होतं, ते रेकॉर्डवर घेतलं नाही, एका सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला गेलं. १९८३ संपायच्या आतच वेटन बँडबाहेर पडला. डिसेंबरमध्ये टोकियोच्या बुडोकानमध्ये कार्यक्रम झाला तेव्हा त्याच्या जागी गायला कोण आलं असेल? ग्रेग लेक. पुढच्या वर्षी हाऊही गेला.

मुलांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: घरी ठेवायला एकच रेकॉर्ड निवडायची असेल तर इमर्सन, लेक अँड पामरची पहिली घ्या, तिची प्रत्येक बाजू तुम्ही वर्षानुवर्षं लावाल. तिघे मिळून एक बँड कसा होतो हे ऐकायचं असेल तर 'टार्कस'ची पहिली बाजू, एकदा डाव्या हाताकडे लक्ष देऊन, एकदा ड्रमकडे, आणि एकदा नुसता 'बॅटलफिल्ड' येण्याची वाट बघत.

त्या दिवशी मडगावात पहिली बाजू संपली तेव्हा बाहेर पाऊस थांबला होता. मित्र रेकॉर्ड उलटायला उठला. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि सुई परत सुरुवातीला ठेवायला सांगितली. या खेपेला त्यांनी मोजलं नाही.